भेग खाली का वळली

आईला आम्ही माय म्हणतो. ती रेल्वेत की-मॅन होती. बाई असली तरी हुद्दा की-मॅनच, कारण रेल्वेच्या कागदांत दुसरा शब्द नव्हता.

भडगाव तालुक्यातल्या एका लहान स्टेशनाला लागून रेल्वेची चार क्वार्टर्स आहेत. त्यातल्या एकात आम्ही राहायचो. वडील रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमध्ये होते. मी नववीत असताना ते काविळीने गेले आणि त्यांच्या जागेवर माय लागली. पहिली काही वर्षं तिने बाकीच्या गँगसोबत खडी भरली, रुळाखालचे स्लीपर सरकवले. मग तिला की-मॅनचं काम मिळालं. या कामात आपल्या हद्दीतला सगळा रूळ रोज पायी तपासायचा असतो. एका लाइनने जायचं, दुसरीने परत यायचं. खांद्यावर हातोडी आणि पाना, पिशवीत लाल झेंड्या आणि गाडी थांबवण्यासाठी रुळावर लावायचे फटाके. स्लीपरला रूळ धरून ठेवणारी लोखंडी क्लिप सैल झाली असेल तर ठोकून बसवायची, बोल्ट ढिला असेल तर आवळायचा, आणि रुळावर कुठे चीर किंवा खपली दिसते का ते पाहत पुढे जायचं. पुढे पुढे तिच्या गळ्यात जीपीएसचं यंत्रही आलं. ती कुठवर पोचली हे साहेबाला भुसावळला बसून दिसायचं. "पाहू दे," ती म्हणायची, "मी बसलेली सापडले तर सांग म्हणावं."

मला शाळेत तिच्या नोकरीची लाज वाटायची, हे आज लिहायला हवं. दहावीच्या फॉर्मवर मी आईचा व्यवसाय 'रेल्वे नोकरी' एवढाच लिहिला. बाकावरच्या मैत्रिणीला वाटलं, ती खिडकीत बसून तिकिटं देते. मी तिला तसं वाटू दिलं.

गावातल्या विहाराच्या अभ्यासिकेत बसून मी बारावी केली. मग धुळ्याला इंजिनिअरिंग, मेकॅनिकल. वर्गात आम्ही चौघी मुली. पुढे धुळ्यातच एका कॉलेजात शिकवायला लागले आणि जळगावच्या एका सरांकडे पीएचडीला नाव घातलं. सर पन्नाशीचे, कमी बोलणारे. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "काय करायचंय?"

"भेगांवर करायचंय सर. धातूत भेग कशी वाढते, ते कॉम्प्युटरवर."

"भेगाच का?"

मी पाठ केलेलं उत्तर दिलं: पूल, विमानं, बॉयलर, सुरक्षितता. मायचा विषयही काढला नाही. घरातली बाई रोज सकाळी डोळे फाडून भेगाच शोधत चालते, हे त्या खोलीत बोलण्यासारखं आहे असं मला वाटलंच नाही. सरांनी ऐकून घेतलं आणि रुळाचा विषय त्यांनीच सुचवला. "आपल्याकडे भुसावळ आहे. रूळ घे. उद्या तपासायची वेळ आली तर दूर जावं लागणार नाही."

हे काम काय असतं ते थोडक्यात सांगते. रुळासारखी मोठी वस्तू एकदम सोडवता येत नाही, म्हणून कॉम्प्युटरमध्ये तिचे हजारो लहान चौकोन करतात. प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यांवर किती जोर आला, कोपरा किती हलला, याची गणितं मांडायची आणि सगळी एकत्र सोडवायची. रूळ अखंड असेल तोवर हे छान चालतं. भेग आली की पंचाईत होते. साध्या पद्धतीत भेग फक्त चौकोनांच्या कडेकडेनेच जाऊ शकते, मधून जाऊ शकत नाही. म्हणजे मी चौकोन जसे आखीन तशी भेग जाणार. तिरके आखले तर तिरकी, उभे आखले तर उभी. ती माझ्या आखणीची भेग झाली, पोलादाची नव्हे. हे टाळायचं तर भेग जराशी पुढे सरकली की सगळे चौकोन पुन्हा नव्याने आखायचे. दीड वर्ष मी तेच केलं. दहा-बारा पावलं गेली की टोकाजवळचे चौकोन इतके पिचायचे की प्रोग्राम बंद पडायचा. कधी लाइट जायची आणि यूपीएस आधीच संपलेला असायचा.

एकदा मी सरांना म्हटलं, "विषय बदलू का?"

ते म्हणाले, "विषय नको. पद्धत बदल."

आणि त्यांनी मला ती दुसरी पद्धत शिकायला लावली. तिच्यात चौकोन आहेत तसेच ठेवतात आणि भेगेला त्यांच्या मधून जाऊ देतात. ज्या चौकोनाला भेग कापून जाते त्याच्या कोपऱ्यांना जादा आकडे द्यायचे, म्हणजे भेगेच्या अलीकडचा भाग एकीकडे आणि पलीकडचा दुसरीकडे सरकू शकतो. टोकापाशी ताण अतोनात वाढतो, तिथल्यासाठी आणखी वेगळी सूत्रं. मग दर पावलाला प्रोग्राम दोन गोष्टी मोजतो: टोक किती उघडतंय आणि किती घसरतंय. त्यावरून तो भेगेची पुढची दिशा ठरवतो. दिशा मी ठरवत नाही. कागदावर चार ओळींत मावणारी ही गोष्ट, पण प्रोग्राम मला एकेक ओळ स्वतः लिहावा लागला. आठ महिने गेले. ज्या दिवशी भेग पहिल्यांदा चौकोनांना न जुमानता त्यांच्या पोटातून वाकडी निघून गेली, त्या दिवशी मी प्रयोगशाळेत एकटीच होते. शिपाईमामांना बोलावून दाखवलं. त्यांनी बघितलं आणि "चांगलं आहे मॅडम" म्हणाले.

त्याच वर्षी डिसेंबरात मायला तुटलेला रूळ सापडला.

तिने फोन केला तो दुपारी. आधी विचारलं, जेवलीस का. मग म्हणाली, "सकाळी रूळ तुटला होता. गाडी थांबवली." एवढंच. बाकीचं मी नंतर, खोदून खोदून विचारून काढलं.

त्या आठवड्यात खान्देशात कडाक्याची थंडी होती. सकाळी सातला ती निघाली तेव्हा कपाशीच्या वावरांवर धुकं होतं. तीनेक किलोमीटर गेल्यावर तिला रुळाच्या माथ्यावर एक काळी रेघ दिसली. जवळ गेली तर रेघ नव्हती, फट होती. रूळ माथ्यापासून तळापर्यंत तुटून दोन बोटं उघडला होता. भुसावळकडून एक्सप्रेस यायची वेळ झाली होती. तिने एक लाल झेंडी तिथेच खडीत रोवली आणि दुसरी हातात घेऊन गाडीच्या दिशेने धावत सुटली. वाटेत रुळावर एक फटाका लावला, आणखी पुढे जाऊन तीन लावले, आणि रुळाच्या बाजूला उभी राहून झेंडी हलवत राहिली. तेव्हा ती एक्कावन्न वर्षांची होती. खडीवरून लुगड्यात धावणं काय असतं ते धावणाऱ्यालाच माहीत.

गाडी थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, तिच्यासोबत फटीपर्यंत चालत गेला, वाकून त्याने बघितलं. मग इंजिनात परत जाऊन त्याने थर्मासमधला चहा झाकणात ओतून तिला दिला. "अक्का, आधी तुम्ही घ्या," म्हणाला. मायला सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो चहा. पुढे भुसावळला तिला प्रमाणपत्र मिळालं. ते तिने ट्रंकेत ठेवलंय, पण सांगताना ती चहाच सांगते.

त्याच दुपारी माझ्या मोबाईलवर तिचे दोन फोटो आले. गँगने रूळ कापून बाजूला ठेवला तेव्हा मुकादमाला विचारून तिने काढले होते. एकात तुटलेल्या तोंडाकडचा भाग, त्यात माथ्याच्या एका कोपऱ्याखाली गडद डाग. दुसऱ्यात माथ्याची बाजू. वरून निघालेली भेग थोडी तिरकी सरकत पुढे गेलेली आणि मग सरळ खाली वळलेली. सोबत तिने बोलून पाठवलं होतं, "तुझ्या कामाचं वाटलं म्हणून काढले. नसेल तर पुसून टाक."

पुसणार कशी? माझ्या सगळ्या पुस्तकांत परदेशी रुळांची चित्रं होती. हा माझ्या घरापासून तीन किलोमीटरवरचा रूळ होता. सरांनी फोटो वापरायला रेल्वेची रीतसर लेखी परवानगी मिळवली. मी रुळाचा तोच आकार प्रोग्राममध्ये घातला, त्याच कोपऱ्याखाली एक बारीक भेग पेरली आणि वरून चाकं फिरवली.

भेग तिरकी निघाली. फोटोत होती तशीच. मग मात्र ती खाली वळली नाही. तशीच आडवी सरकत राहिली आणि शेवटी वर आली, जशी रुळाची खपली उडते. मी भेगेची जागा बदलली, चाकाचा जोर वाढवला, घर्षण कमीजास्त केलं, चौकोन अर्धे केले, पाव केले. दरवेळी ती वरच. प्रोग्राम चुकला म्हणावं तर तपासणीची सगळी जुनी उदाहरणं तो बरोबर सोडवत होता. सरांनीही दोन आठवडे माझ्या ओळी वाचल्या. त्यांना चूक सापडली नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी मी घरी गेले. मायने भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडून मी पुन्हा तेच चित्र बघत बसले. माय हात पुसत मागे येऊन उभी राहिली.

"हाई काय शे?"

घरात आम्ही अहिराणीच बोलतो; इथे बरंचसं मराठीत लिहिते आहे. मी तिला सांगितलं, हा निळा तुझा रूळ, हे चाक, ही लाल रेघ म्हणजे भेग. चाकं गेली की भेग वाढते. तिने परत लावायला सांगितलं. तीनदा बघितलं.

"हाई तं वर उनी," ती म्हणाली. "मनी तं खाले गयी व्हती."

म्हणजे, ही तर वर आली, माझी खाली गेली होती. मी म्हटलं, "तेच तर कोडं आहे माय. महिना झाला."

मग तिने विचारलं, "तुनी पटरीले थंडी वाजस का नही?"

मला हसू आलं. तुझ्या रुळाला थंडी वाजते की नाही, असं ती विचारत होती. ती मात्र हसली नाही. मला समजत नाही हे बघून तिला थोडं आश्चर्यच वाटलं असावं. "उन्हायामा पटरी वाकस, हिवायामा तुटस," ती म्हणाली. उन्हाळ्यात रूळ वाकतो, हिवाळ्यात तुटतो. "हाई तं मुकादम पहिलाच दिवस सांगस."

माझं हसू तिथेच थांबलं.

आजकाल रूळ वेल्डिंग करून सलग, मैलभर लांब केलेले असतात. थंडीत लोखंड आखडतं. पण या रुळाला आखडता येत नाही, कारण हजारो क्लिपा त्याला स्लीपरला जखडून ठेवतात. मग तो दोन्हीकडून ओढला गेल्यासारखा ताणात राहतो. आमच्याकडे मे महिन्यात रुळावर पाणी टाकलं तर चर्र होतं आणि डिसेंबरात पहाटे त्याला हात लावला तर बोट बधिर होतं, इतका फरक. तो ताण मी धरलाच नव्हता. मी ज्या लेखांवरून काम करत होते त्यांत प्रयोगशाळेतले हातभर लांबीचे तुकडे होते. सुटा तुकडा खुशाल आखडतो, त्यात ताण येत नाही. त्यांनी तो धरला नाही, म्हणून मीही नाही. आणि हा धडा मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दरवर्षी फळ्यावर शिकवत होते!

"माय," मी म्हटलं, "मला हे कसं सुचलं नाही?"

"तू काय पटरीवर चालतेस का," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

सोमवारी सकाळीच मी जळगावला गेले. प्रोग्राममध्ये फार बदल नव्हता, दहाबारा ओळी. रूळ ज्या तापमानाला जखडला होता ते आणि त्या सकाळचं तापमान, यांतल्या फरकाने येणारी ओढ दोन्ही टोकांना लावली. सकाळी दहाला गणित सुरू केलं. अकराला लाइट गेली, पुन्हा सुरू केलं. चारच्या सुमाराला भेग तिरकी निघून त्या जागी पोचली जिथून ती नेहमी वर जायची. पुढचं पाऊल सरळ गेलं. त्याच्या पुढचं किंचित खाली. मग आणखी खाली. मग ती वळली आणि उभी खाली उतरत गेली. मी मोबाईल पडद्याला टेकवून मायचा फोटो शेजारी धरला. वळणाची जागा जवळजवळ तीच होती.

सर शेजारच्या खोलीत होते. त्यांना हाक मारली. ते उभ्यानेच बघत होते, मग स्टूल ओढून बसले.

"तापमान कधी घातलंस?"

"आज सकाळी."

"कोणी सांगितलं?"

"आईने."

"आई कुठे शिकवतात?"

"शिकवत नाही सर. रेल्वेत आहे. की-मॅन. हा रूळ तिनेच पकडला होता. फोटोही तिचेच."

फोटो रेल्वेतून आले एवढंच सरांना माहीत होतं. कोणाकडून, ते मी सांगितलं नव्हतं.

"तीन वर्षं झाली तुला इथे," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, भेगाच का. तेव्हा का नाही बोललीस?"

ते रागावले नव्हते, म्हणून ते जास्त लागलं. मग म्हणाले, "मला त्यांना भेटायचंय. त्या कामावर असतील तेव्हा."

आणि ते खरंच आले. रेल्वेच्या साहेबांची परवानगी काढून, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, पायात पॉलिश केलेले बूट घालून. मायच्या मागे खडीवरून दोन किलोमीटर चालले. "ताई, ही खपली धोक्याची का?" "ताई, ही नुसती घासलेली ना?" असं विचारत होते आणि माय हातोडीच्या टोकाने दाखवत उत्तरं देत होती. मी दोघांच्या मागे चालत होते. ज्या बाईचं काम मी मैत्रिणीपासून लपवलं होतं, तिच्याकडून माझे सर वहीत टिपणं घेत होते. ती अजिबात बुजली नव्हती. एके ठिकाणी तिने त्यांना दंडाला धरून रुळापासून बाजूला केलं, कारण मागून मालगाडी येत होती आणि ते ऐकण्यात गुंग होते. गाडी निघून गेल्यावर सर म्हणाले, "तुझ्या प्रबंधाचा तिसरा भाग पुन्हा लिही. ही माहिती कुठून आली ते त्यात आलं पाहिजे." मी लिहिलं. आभाराच्या पानावर नाही, मुख्य मजकुरात.

पीएचडी झाली. आता मी धुळ्यात मुलांना हाच विषय शिकवते, आणि त्या प्रोग्रामवर माझे दोन विद्यार्थी पुढचं काम करताहेत.

माय निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी, थंडी सुरू होण्यापूर्वी, तिच्या गँगच्या मुकादमाने मला बोलावलं. "तुमचं ते चित्र आमच्या पोरांना दाखवा." स्टेशनामागच्या गँगच्या खोलीत वीसेक माणसं खाली सतरंजीवर बसली होती, त्यात नुकतेच भरती झालेले सात-आठ जण. भिंतीवर चादर लावून मी भेग चालवून दाखवली. आधी थंडीशिवाय, मग थंडीसकट. रोज ज्याला घाबरून ते चालतात ते त्यांनी आतून कधी पाहिलं नव्हतं.

मुकादमाने विचारलं, "मॅडम, भेग दिसली तर आणखी किती गाड्या जातील, हे सांगता येतं का यात?"

"खात्रीने नाही नाना," मी म्हटलं. "प्रत्येक रुळाचं पोलाद थोडं वेगळं. आत काय दडलंय ते माहीत नसतं. अंदाज सांगता येतो, पण त्याच्या भरवशावर गाडी सोडायची नाही."

"मग ठीक," तो म्हणाला. मी 'हो' म्हटलं असतं तर त्याने माझ्यावर विश्वास ठेवला नसता, असं मला वाटतं.

मग नव्यांपैकी एकाने हात वर केला. भेग वरून दिसते तेव्हा ती आत किती खोल असते, असं त्याला विचारायचं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात माय उठली. चादरीजवळ जाऊन तिने बोट ठेवलं. "हाई पाय," ती म्हणाली. हे बघ, वर इतकीशीच दिसते, नखाएवढी. आत मात्र ती इथवर येऊन खाली वळलेली असते. म्हणून नखाएवढी दिसली तरी थांबायचं, बसून बघायचं, साहेबाला कळवायचं. लाज धरायची नाही की एवढ्याशासाठी काय बोलवायचं. मग ती माझ्याकडे वळली. "परत लाव. इथपर्यंत आणून थांबव."

मी लावलं. जिथे वळण सुरू होतं तिथे थांबवलं. तिने त्या जागेवर हात ठेवून ताण कुठून कुठे येतो ते दाखवलं, दोन्ही हात बाजूला ओढून. शब्द तिचे होते आणि एकही चुकीचा नव्हता. मला कुठेच मध्ये बोलावं लागलं नाही. ती सांगेल तिथे कळ दाबायची, एवढंच माझं काम उरलं. तिने चार वेळा लावायला सांगितलं आणि चारही वेळा मी खुशीने लावलं.

अकराच्या सुमाराला स्टेशनमास्तरांचा निरोप आला, लाइन कामासाठी मोकळी मिळाली होती. माणसं उठली, नारिंगी जाकिटं चढवून बाहेर पडली. मायने चादर उतरवून घडी केली, माझ्या हातात दिली आणि त्यांच्या मागोमाग ती पण निघाली.